विमानाच्या भागात टॅप तुटला, तर तो बाहेर कसा काढतात?

महापे एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मशीनवर ॲल्युमिनियमचा एक जॉब लागलाय. ठोकळा आला तेव्हा तो उचलायला दोन माणसं लागली होती. आता आतलं बहुतेक धातू कातून काढल्यावर तो एका हाताने उचलता येईल इतका हलका झालाय. विमानात बसणारा भाग आहे. पंचवीस भोकांना आटे पाडून झालेत, फक्त शेवटचं एक उरलंय. आणि तेवढ्यात 'टक्' असा बारीकसा आवाज येतो.

त्या आवाजाचा अर्थ शॉपमधल्या प्रत्येकाला कळतो. टॅप तुटला.

काही दिवसांची मेहनत, महागडा धातू आणि ग्राहकाला दिलेली तारीख, सगळं त्या पेन्सिलएवढ्या तुकड्यापाशी अडकून पडतं. हा तुकडा बाहेर काढायच्या बऱ्याच युक्त्या आहेत. त्यातली एक तर तुमच्या घरातल्या तुरटीने होते! पण जॉब विमानाचा असेल, तर 'तुकडा निघाला, काम झालं' असं म्हणता येत नाही. का, ते पाहूया.

टॅप म्हणजे नेमकं काय?

इथे टॅप म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. नट-बोल्ट सगळ्यांनी पाहिलेत. बोल्टच्या अंगावर जी गोल फिरत जाणारी चर असते, तिला कारागीर 'आटे' म्हणतात. बोल्ट ज्या भोकात बसतो, त्या भोकाच्या आतही तसेच आटे लागतात. ते पाडणारं हत्यार म्हणजे टॅप.

आधी ड्रिलने भोक पाडायचं, मग त्यात टॅप फिरवत न्यायचा. एम६ म्हणजे ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टसाठी भोक ५ मिलिमीटरचं पाडतात. उरलेल्या जागेत टॅप आपले दात रुतवत आटे कापत जातो. टॅपच्या अंगावर उभ्या खोबणी असतात, बहुतेक तीन किंवा चार. कापलेल्या धातूचा बुरा त्या खोबणीत जमतो.

आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड केलेल्यांना टॅपचा सेट आठवत असेल. पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन टॅप एकामागून एक चालवायचे आणि प्रत्येक वेळी थोडं पुढे गेल्यावर जरा उलटं फिरवून बुरा तोडायचा. मास्तर हे पुन्हा पुन्हा का बजावायचे, ते टॅप तुटल्यावर कळतं.

टॅप तुटतो का?

टॅप फार कठीण पोलादाचा असतो. पण जे फार कठीण, ते ठिसूळही. टॅपला पीळ पडलेला सहन होत नाही. तो वाकत नाही, सरळ तुटतो. कारणं साधारण ठरलेली असतात:

• भोक मापापेक्षा लहान पडलं. दशांश मिलिमीटरचा फरकही टॅपवरचा ताण बराच वाढवतो.

• टॅप भोकात सरळ न जाता तिरका गेला.

• दात बोथट झाले होते, तरी 'अजून दोन जॉब काढू' म्हणून चालवला.

• तेल किंवा कूलंट दातांपर्यंत पोहोचलं नाही.

• भोक आरपार नव्हतं. बुरा तळाशी साचला आणि टॅप त्यावर जाऊन अडला.

विमानाच्या कामात यात आणखी भर पडते. टायटॅनियम हा धातू कापताना किंचित दबतो आणि मग परत सरसावून टॅपला घट्ट धरतो. शिवाय त्यातून उष्णता लवकर निघून जात नाही, त्यामुळे सगळी आच दातांवर येते. इंजिनाच्या गरम भागांत वापरतात ते निकेलचे मिश्रधातू तर कापता कापता आणखी कडक होत जातात. ॲल्युमिनियम त्या मानाने मऊ, पण ते दातांना चिकटतं आणि खोबणी भरून टाकतं.

मग ड्रिलने पोखरून का काढत नाहीत?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हाच प्रश्न पडतो. अडचण अशी, की टॅप आणि साधं ड्रिल दोन्ही एकाच जातीच्या पोलादाची असतात, म्हणजे हायस्पीड स्टीलची. दोघांचा कडकपणा जवळपास सारखा. टॅपवर ड्रिल चालवलं, तर ते घसरतं आणि शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. तुकडा जिथल्या तिथे राहतो आणि भोक मात्र वाकडं होतं.

म्हणून अनुभवी कारागीर तुटल्या क्षणी पहिलं काम करतो, ते म्हणजे मशीन थांबवतो आणि हात मागे घेतो. रागाच्या भरात मारलेला एक हातोडा तुकड्याला आणखी खोल रुतवतो आणि पुढचे सोपे मार्ग बंद करतो. जॉब फिक्स्चरमधून सोडायचाही नाही. सोडला, तर भोकाची नेमकी जागा परत मिळवणं अवघड होतं.

तुकडा काढायच्या पद्धती, सोप्यापासून अवघडाकडे

१. उलटं फिरवून काढणं. तुकड्याचं टोक थोडं वर असेल तर नशीब चांगलं. आधी बुरा हवेने आणि चिमट्याने साफ करायचा, तेल सोडायचं, मग पकडीने टोक धरून मागेपुढे हलकं हलवायचं. पुढे थोडं, मागे थोडं. अडकलेला बुरा सुटला की टॅप फिरून बाहेर येतो.

२. टॅप एक्स्ट्रॅक्टर. तुकडा आत गेला असेल, तर हे साधं हत्यार कामाला येतं. त्याला पोलादाची बारीक बोटं असतात. ती टॅपच्या खोबणीत वरून सरकवायची आणि हलक्या हाताने उलटं फिरवायचं. मात्र खोबण्या बुऱ्याने भरल्या असतील तर बोटं आत जात नाहीत. जोर केला तर बोटंच तुटतात आणि मग एकाऐवजी दोन तुकडे काढायचे राहतात.

३. नट वेल्ड करणं. टॅप मोठा असेल तर तुकड्यावर वेल्डिंगचा थेंब उभा करून त्यावर नट जोडतात आणि पान्याने फिरवतात. गाड्यांच्या गॅरेजमध्ये ही युक्ती चालते. विमानाच्या ॲल्युमिनियमवर मात्र ती चालत नाही. या मिश्रधातूंची ताकद ठरावीक उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने तेवढ्या जागेतली ती ताकद निघून जाते आणि वरून पाहून काहीच कळत नाही.

४. कार्बाइडचं हत्यार. टंगस्टन कार्बाइड हे टॅपपेक्षाही कठीण असतं. त्याच्या बारीक कटरने टॅपचा मधला गाभा हळूहळू पोखरता येतो. पण मशीन ताठ हवं आणि जॉब जराही हलता कामा नये. हाताच्या ड्रिलने हे करायला गेलं, तर कार्बाइडही काचेसारखं फुटतं.

५. तुरटी! हो, दाढीनंतर लावतात आणि गढूळ पाण्यात फिरवतात तीच. तुरटीचं दाट पाणी किंचित आम्लधर्मी असतं. ते गरम ठेवून त्यात जॉब बुडवला, की पोलाद हळूहळू विरघळायला लागतं. तुकड्यातून बारीक बुडबुडे येताना दिसतात. पितळेला आणि ॲल्युमिनियमला त्या मानाने फारच कमी धक्का लागतो. घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर पितळी सुट्या भागात तुटलेला पोलादी स्क्रू याच उपायाने काढत आले आहेत. याला तास, कधी दिवस लागतात. जॉब पोलादाचा असेल तर ही युक्ती उलटते, कारण मग टॅपबरोबर जॉबही विरघळतो.

६. ठिणगीने जाळणं. वरचं काहीच जमलं नाही, तर औद्योगिक वसाहतीत शेवटचा आधार असतो तो ईडीएम मशीनचा. शॉपमध्ये याला नुसतं 'स्पार्क' असंही म्हणतात. हे मशीन आजच्या विषयाशी इतकं जोडलेलं आहे, की त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

तुटलेल्या टॅपसाठी जन्मलेलं मशीन

विजेची ठिणगी धातू खाते, हे जोसेफ प्रीस्टली या इंग्लिश शास्त्रज्ञाने १७७० च्या सुमारास नोंदवलं होतं. पण पुढची दीडशेहून अधिक वर्षं त्याचा मोठा उपयोग कुणाला सुचला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत रशियात बोरिस आणि नतालिया लाझारेंको या शास्त्रज्ञ दांपत्याकडे एक वेगळंच काम आलं होतं. ठिणग्यांमुळे टंगस्टनचे विद्युत संपर्कबिंदू झिजत होते, ती झीज कशी थांबवायची ते शोधायचं होतं. झीज काही थांबली नाही. पण संपर्कबिंदू तेलात बुडवले, तर झीज जास्त एकसारखी होते, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. झीज थांबवता येत नसेल, तर हवी तिथे हवी तेवढी घडवून आणता येईल का? १९४३ मध्ये त्यातून ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत तयार झाली.

जवळपास त्याच काळात अमेरिकेत हॅरोल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर हे तिघं स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. त्यांची अडचण अगदी आपल्या महाप्याच्या शॉपसारखी होती: ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांमध्ये ड्रिल आणि टॅप तुटून अडकत होते. त्यांनी सेकंदाला ६० ठिणग्या पाडणारं यंत्र बनवलं आणि अडकलेले तुकडे जाळून काढले. आज साचे बनवण्यापासून इंजिनाच्या पात्यांतली बारीक भोकं पाडण्यापर्यंत सगळीकडे ईडीएम वापरतात. त्याच्या सुरुवातीच्या कामांतलं एक काम होतं तुटलेला टॅप काढणं.

हे चालतं कसं? तांब्याची किंवा पितळेची बारीक नळी टॅपच्या अगदी जवळ आणतात, पण टेकवत नाहीत. मधे तेल किंवा पाणी असतं. विजेचा दाब वाढला की त्या केसाएवढ्या फटीत ठिणगी पडते. ठिणगीचं तापमान हजारो अंश सेल्सिअसवर जातं. टॅपचा सूक्ष्म कण वितळतो आणि वाहत्या द्रवाबरोबर निघून जातो. अशा ठिणग्या सेकंदाला हजारोंनी पडत राहतात. धातू किती कठीण आहे याला इथे काही महत्त्व नाही, त्यातून वीज वाहिली म्हणजे झालं.

कारागिराची हुशारी नळीच्या मापात असते. नळी टॅपच्या मधल्या गाभ्यापेक्षा जराशी जाड हवी, पण भोकापेक्षा बारीक हवी. मग फक्त गाभा जळतो. गाभा गेला की टॅपच्या दातांच्या तीन-चार पट्ट्या सुट्या होतात आणि चिमट्याने उचलता येतात. आटे जसेच्या तसे राहतात.

विमानाच्या भागात एवढ्यावर का भागत नाही?

शेतीच्या पंपाचा भाग असता, तर गोष्ट इथे संपली असती. बोल्ट नीट बसला की जॉब रवाना.

विमानाचा भाग मात्र प्रत्येक उड्डाणात ताणला जातो आणि सैल सोडला जातो, हजारो वेळा. अशा ये-जा करणाऱ्या ताणाने धातू 'थकतो'. ताण सगळीकडे सारखा नसतो. भोकाच्या कडेला तो कित्येक पटींनी वाढतो. त्या कडेला नखाने जाणवणार नाही असा ओरखडा असला, तरी तडा तिथून सुरू होऊ शकतो.

आणि ठिणगी नेमकं तेच मागे ठेवू शकते. ती जॉबच्या भिंतीला लागली, तर तिथला धातू वितळून पुन्हा गोठतो. या गोठलेल्या थराची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांपासून काही शंभराव्या भागांपर्यंत असते. पण तो मूळ धातूपेक्षा वेगळा, बऱ्याचदा ठिसूळ असतो आणि त्यात सूक्ष्म भेगा असू शकतात. तुरटीनेही भोकाचा पृष्ठभाग खाल्ला गेला असेल किंवा भागावरचं संरक्षक लेपन खराब झालं असेल, तर गंजाला वाट मिळते.

हा नुसता पुस्तकी धोका नाही. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत पेन्साकोला इथे डेल्टा एअरलाइन्सचं १२८८ क्रमांकाचं विमान धावपट्टीवरून उड्डाणासाठी धावत होतं. तेवढ्यात डाव्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा टायटॅनियमचा मध्यभाग, म्हणजे हब, फुटला. तुकडे प्रवाशांच्या कक्षात घुसले. एक आई आणि तिचा मुलगा जागीच गेले.

तपासात तडा एका बोल्टच्या भोकात सुरू झाल्याचं दिसलं. हब तयार करताना, ते भोक पाडतानाच तिथल्या धातूची रचना बिघडली होती. तपास संस्थेने काढलेल्या निष्कर्षात कारणं होती ती अशी: ड्रिलची मोडतोड, त्या जागी कूलंट न पोहोचणं आणि बुरा दाटून बसणं. म्हणजे टॅप तुटण्याची जी कारणं आपण वर पाहिली, जवळपास तीच. तो डाग घेऊन हब कारखान्यातून बाहेर पडला आणि हजारो उड्डाणं निमूटपणे करत राहिला. मधल्या तपासणीतही तडा सापडला नाही.

मग शॉपमध्ये प्रत्यक्षात काय करायचं असतं?

विमान उद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी एएस ९१०० नावाचं गुणवत्तेचं मानक आहे. टॅप तुटल्यावर त्यानुसार कामाची दिशा अशी असते:

• ऑपरेटर मशीन थांबवतो आणि सुपरवायझरला कळवतो. जॉबवर खूण करून तो बाकीच्या मालापासून वेगळा ठेवतात.

• काय झालं याची लेखी नोंद होते. कितवं भोक, किती खोलीवर, कोणता टॅप, त्याने आधी किती भोकं केली होती.

• तुकडा कसा काढायचा, हे ठरतं. ठिणगी किंवा रसायन वापरायचं असेल, तर ग्राहकाच्या अटींत त्याला परवानगी आहे का, ते आधी पाहतात.

• तुकडा निघाल्यावर गेजने आटे तपासतात. भोकात रंगद्रव्य सोडून अतिनील प्रकाशात भेगा शोधतात. टॅपचे सगळे तुकडे जुळवून पाहतात. एखादा दात कमी पडला, तर तो जॉबमध्येच कुठेतरी आहे असं धरूनच शोध घ्यायचा.

इथे दोन शब्दांतला फरक महत्त्वाचा आहे. 'रीवर्क' म्हणजे भाग पुन्हा तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे करणं. 'रिपेअर' म्हणजे भाग वापरण्याजोगा करणं, पण तो ड्रॉइंगपेक्षा वेगळा राहतो. रिपेअरचा निर्णय शॉपने स्वतःच्या मनाने घ्यायचा नसतो. ज्यांनी त्या भागाचं डिझाइन केलं, त्यांची परवानगी लागते.

नेहमीचं उदाहरण हेलिकॉइलचं. भोक खराब झालं, तर ते थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडतात आणि पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवतात. तिच्या आत मूळ मापाचा बोल्ट बसतो. विमानात ॲल्युमिनियमच्या भागांत अशा गुंडाळ्या मुळातच भरपूर वापरतात, त्यामुळे उपाय भरवशाचा आहे. पण भोक मोठं केलं म्हणजे भोवतालची भिंत पातळ झाली. ती तेवढी पातळ चालेल का, हे हिशेब करणाऱ्यानेच सांगायचं.

आणि उत्तर 'नाही' आलं, तर भाग भंगारात जातो. तोही नुसता कोपऱ्यात टाकून चालत नाही. तो चुकूनही वापरात येणार नाही अशी कायमची खूण करतात, मग तो मोडून टाकतात.

घरी विमान बांधणाऱ्याचं काय?

महाराष्ट्रात विमानबांधणी म्हटली की नाशिकजवळच्या ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आठवतो. तिथे मिग आणि पुढे सुखोई-३० विमानं तयार झाली. पण आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपमधलं उदाहरणही आहे. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली.

स्वतः विमान बांधणाऱ्याच्या शेजारी गुणवत्ता विभागाचा माणूस उभा नसतो. टॅप तुटला, तर मोडणारा तोच, काढणारा तोच आणि 'चालेल' म्हणणाराही तोच. म्हणून जगभरचे अनुभवी विमानबांधणीकार नव्या मंडळींना एक सोपा नियम सांगतात: भागाबद्दल शंका असेल, तर तो नव्याने बनवा. कारण त्या विमानात पहिल्यांदा बसणारही तोच असतो.

टॅप तुटूच नये म्हणून

भोकाचं माप ड्रिलवर लिहिलेल्या आकड्यावरून न धरता मोजून पाहायचं. भोक आट्यांच्या खोलीपेक्षा थोडं जास्त खोल ठेवायचं, म्हणजे बुऱ्याला जागा मिळते. आरपार भोकाला बुरा पुढे ढकलणारा टॅप आणि बंद भोकाला बुरा वर खेचणारा पिळदार खोबणीचा टॅप वापरायचा. कितव्या भोकानंतर टॅप बदलायचा, हे आधीच ठरवून ठेवायचं.

महागड्या जॉबवर बरेच जण टॅप वापरतच नाहीत. त्याऐवजी थ्रेड मिल चालवतात. हा कटर भोकापेक्षा बारीक असतो आणि गोल फिरत आटे कोरतो. वेळ जास्त लागतो, पण तो मोडला तरी भोकात घट्ट अडकून बसत नाही, तुकडा सहज निघतो.

महापे हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीचा भाग. आज तिथून जाताना आधी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसतात. त्यांच्यामागच्या गल्ल्यांमधून लेथचे आणि मिलिंगचे आवाज मात्र अजून येतात. अशा शॉपमध्ये विमानाचा जॉब लागलेला असताना 'टक्' असा आवाज आला आणि ऑपरेटरने कुणाला न सांगता तुकडा काढून भोक साफ करून ठेवलं, तर कदाचित कधीच कुणाला कळणार नाही. तो भाग वर्षानुवर्षं उडेलही. पण त्याने लाल बटण दाबलं, जॉबवर खूण केली आणि 'साहेब, टॅप तुटला' म्हणून सांगितलं, तर त्या भोकाकडे कुणीतरी भिंगातून पाहणार हे नक्की. म्हणूनच चांगल्या शॉपमध्ये टॅप तुटल्याचं सांगणाऱ्या ऑपरेटरवर ओरडत नाहीत. ओरडलं, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.